ओळख विसरलेलं प्रथिन

सौंसरला बस थांबते आणि दार उघडण्याआधीच संत्र्याच्या सालीचा तो उग्र, गोडसर, डोळ्यांना झोंबणारा वास आत शिरतो. त्या वासाला मी अजून घरचीच वाटते. बाबांचं मात्र आता सांगता येत नाही. गेल्या वर्षापासून त्यांची स्मृती विरत चालली आहे.

माझं काम समुद्री शेवाळाचं. संत्र्या-कापसाच्या मुलखातल्या पोरीने समुद्राचं शेवाळ धुंडाळावं, याचं बाबांना केवढं हसू यायचं! शेवाळाच्या अंगात शर्करांच्या लांबलचक साखळ्या असतात, दिसायला इतक्या सारख्या की भल्याभल्यांनी गोंधळावं. आम्ही अशी प्रथिनं घडवतो, जी त्या गर्दीतून आपली एकच साखळी हुडकून तिला घट्ट बिलगतात. प्रथिनाला हिरवी चमक जोडून द्यायची. सूक्ष्मदर्शकाखाली जिथे हिरवं उजळलं, तिथे ती शर्करा. शनिवारच्या उपासाला आई चायना ग्रासची बर्फी करते, तीही शेवाळाचीच, हे सांगितलं तेव्हा बाबांनी वडी उलटसुलट करून पाहिली होती. मग विचारलं होतं, तुझं ते प्रथिन ओळखण्यात कधी चुकत नाही का?

चुकतं हो, बाबा. जरा जास्त ऊब लागली की त्याची घडी उकलते. एकही कडी तुटत नाही, सारं जागच्या जागी असतं. जाते ती फक्त ओळख. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही, तसं तेही बहुधा परतत नाही. प्रयोगशाळेत अशी कुपी मी ओतून देते आणि दुसरी काढते. बाप दुसरा कुठून काढू?

परवा घरी पोचले तेव्हा बाबा ओसरीवर टोपलीजवळ बसले होते. आमच्या बागाइतदारांच्या घरांत घरच्या माणसाला संत्रं कोणी सोलून देत नाही. ज्याने त्याने टोपलीतून उचलावं. सोलून, शिरा काढून, ताटलीत मिळतं ते पाहुण्याला. मी पायरीवर टेकले. बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं, एक संत्रं निवडलं, सोललं, फोडीफोडीची पांढरी शीर काढली आणि ताटली माझ्यापुढे सरकवली.

"घ्या न बाई, खा. माही पोरगी येऊन राहिली नागपूरच्या बसनं. तिले भेटूनच जा."

मी सगळ्या फोडी खाल्ल्या. गोड होत्या. मग त्यांच्याबरोबर रस्त्याकडे पाहत बसले. हात नाकाशी नेला, तर बोटांना सालीचा वास नव्हता. पाहुण्याच्या बोटांना तो लागत नसतो.