गुरुजींचे तीनशे ठोकळे

फरशीच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर नक्षीखातं होतं, आणि तिथल्या फिरत्या खुर्चीवर अकरा वर्षं जो माणूस ठाण मांडून होता, त्याला सगळे गुरुजी म्हणत. त्यांनी कुणाला काही शिकवल्याचं ऐकिवात नाही. कुणी काही विचारलंच, तर चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणायचे, "राहू द्या, तुमच्या डोक्यावरून जाईल." एवढ्यावर गुरुजी होता येतं हे ठाऊक असतं, तर पुष्कळांनी शिकण्याचे कष्ट घेतले नसते.

नक्षी तिथे हाताने काढत नसत. पडद्यावर तीनशे चौकोनी ठोकळे होते आणि त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारा. एका टोकाने रंग आत जायचे, दुसऱ्या टोकाने छापायला तयार नक्षी बाहेर पडायची. ठोकळ्यावर दोनदा टिचकी मारली की त्याच्या पोटातले आकडे उघडायचे. ही सगळी जुळणी गुरुजींची, असं अख्खा कारखाना मानत होता. मानणार नाही तर काय, प्रत्येक ठोकळ्याच्या कपाळावर 'गुरुजी मुख्य एक', 'गुरुजी मुख्य दोन' असं लिहिलेलंच होतं. दर वर्षी ते ठोकळ्यांना नवे रंग फासत, दोन तारा उगाच वळसा घालून नेत आणि नवी आवृत्ती तयार झाल्याचं जाहीर करत. पोटात मात्र शिरत नसत. पहिल्या वर्षी एकदा शिरले होते, तर एका आकड्याने नक्षी मधोमध फाटली. तेव्हापासून रंगांचे चार ठोकळे सोडले, तर त्यांनी आत बोटसुद्धा घातलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा, आणि तोही बिळात उतरायला घाबरणारा!

बीळ खोदलं होतं त्यांच्या धाकट्या बहिणीने. तिला नक्षीखात्यात त्यांनीच चिकटवलं होतं, आणि सात महिन्यांत तिची जुळणी उभी राहिल्यावर तिथून काढलंही त्यांनीच. "तुझी फाईल काही चालली नाही गं," ते तिला म्हणाले. "टाकून द्यावी लागली. आता मलाच सगळं पहिल्यापासून करायचंय. तू खाली जा, ते तुला झेपेल." ती खाली पॅकिंगला गेली आणि कडा उडालेल्या फरश्या वेगळ्या काढत राहिली. हातातून जाणारी नक्षी तिला कधीकधी ओळखीची वाटायची. आपल्या चुका दादाने निस्तरल्या असतील, असं समजून ती उलट त्याचेच उपकार मानायची.

मग मालकीणबाईंनी मोठ्या फरशीचं यंत्र आणलं. जुनी नक्षी त्यावर नीट बसेना, तुकड्यांचे सांधे उघडे पडायला लागले.

"तीन महिने लागतील," गुरुजी म्हणाले. "नाजूक काम आहे."

मालकीणबाईंना धीर कुठला? त्यांनी एक एआय एजंट आणून त्या जुळणीला जोडला. "तुम्ही परवानगी दिलीत, तर हा ठोकळ्यांच्या आतलंही वाचतो म्हणे."

"वाचू दे की!" गुरुजी हसले. "आकडे वाचून अक्कल येत असती, तर हवी होती कशाला माणसं?" आणि चारचौघांसमोर, मोठ्या ऐटीत, परवानगीचं बटण त्यांनी स्वतःच दाबलं. आत फक्त आकडे आहेत, अशी त्यांची पक्की समजूत होती. आकड्यांच्या खाली, अगदी तळाशी, लिहायला जागा असते हे कळायला तळापर्यंत जावं लागतं.

मोठ्या फरशीसाठी काय बदलायचं, असं मालकीणबाईंनी विचारलं. पडद्यावर लगेच उत्तर उमटलं: "एकच आकडा. 'गुरुजी मुख्य चार' या ठोकळ्यात. तिथे अशी टीप आहे: दादा, फरशी मोठी झाली तर हा आकडा तेवढ्याच पटीत वाढव. बाकी कशाला हात लावू नकोस. नाही कळलं तर मला विचार, मी शेजारीच बसलेय. अशा एकूण एकशे बारा टिपा आहेत."

"त्या मीच लिहून ठेवल्यात," गुरुजी म्हणाले. सवय वाईट.

"स्वतःलाच दादा म्हणता?" मालकीणबाईंनी विचारलं, आणि खाली निरोप धाडला.

बहीण वर आली ती घाबरतच. कुठल्यातरी खोक्यात फुटकी फरशी गेली असणार, असं तिला वाटलं. हात धुळीने भरलेले, म्हणून ती दारातच थांबली. मालकीणबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. तिने ती टीप वाचली. मग पुन्हा वाचली.

"ही तर माझी... दादा, ही चालत होती?"

"अगं, तेव्हा नव्हती चालत," गुरुजी म्हणाले. तेवढ्यातही!

ती पुढे झाली. ओढणीला हात पुसले, ठोकळा उघडला, आकडा बदलला. मोठ्या फरशीवर नक्षी सलग पसरली, एकही सांधा दिसेना. खोलीत कुणीतरी वा म्हणालं. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती भावाकडे बघत होती, आणि रागवायचंही तिला सुचत नव्हतं.

"अकरा वर्षं मी स्वतःला ढ समजत होते रे," ती म्हणाली.