हात मागे बांधणारा

लॅपटॉपवर नवी सिस्टीम टाकताना मी तीनदा न वाचताच ‘पुढे’ दाबलं. चौथ्यांदा लॅपटॉपनं विचारलं, सगळं पुसायचं का? खाली ठळक बटण एकच, ‘पुढे’. आत बायकोच्या गेलेल्या आईच्या आवाजातली गाणी होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. झाकण मिटायचीही भीती. उघडा लॅपटॉप पूजेच्या ताटासारखा धरून, आमचं शहर राजधानी झाल्यापासून वाढलेल्या गर्दीतून तात्यापाऱ्यातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

त्यानं आधी दोन्ही हात पाठीमागे बांधले, मग पडदा ओळ न् ओळ वाचला.

“भैया, बड़ा बटन उंगली को बुलाता है. इसलिए पहले हाथ बाँध लेता हूँ.”

मग कोपऱ्यातलं फिकट, बारीक ‘रद्द करा’ त्यानं अलगद दाबलं. गाणी वाचली.

घरी बायकोनं ती डोळे मिटून ऐकली, सगळी हकिकतही ऐकली. म्हणाली, “मी बोलते तवाबी असेच हात बांधून पुरं आयकत जा. नुसतं ‘हव, हव’ करून राहता.”