पूर्णेवरचे डोहाळे

सातव्या महिन्यात मला मासा खावासा वाटला आणि आमच्या घरात हलकल्लोळ माजला. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आणि त्यांच्या माळेपायी मासा-मटणाला साऱ्या घराच्या तोंडाला कुलूप होतं. त्यातून माझी फर्माईश साधी नव्हती. मासा पूर्णेचाच हवा आणि तो मी स्वतः धरलेला हवा. माझं माहेर पूर्णेकाठचं. भावांबरोबर गळ टाकून बसण्यात सगळं लहानपण गेलेलं. लग्न होऊन वलगावला आले तशी काठी सुटली, पण हाताची खाज गेली नव्हती.

सासूबाई माळकरी खऱ्या, पण आजी व्हायला त्याहून उतावीळ. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराची लाळ गळते, हे त्यांना माळेइतकंच पक्कं ठाऊक होतं. काही दिवस त्यांनी नुसती भांडी आपटली. मग एका सकाळी तोडही त्यांनीच काढली. नियम होता तो चुलीला आणि उंबरठ्याला. नदीला कुठला उंबरठा? मी नावेतून गळ टाकायचा, नावाड्याच्या बायकोनं काठावर शिजवायचं, आणि तिथंच खाऊन, चूळ भरून मी घरी यायचं. त्या स्वतः गळाला हात लावणार नव्हत्या, आणि गांडुळांना नावेत पाऊल ठेवू देणार नव्हत्या, जणू गांडुळांना पाऊल असतं. आमिष म्हणून ज्वारीचं पीठ, गूळ आणि सरकीची ढेप एकत्र करून गोळा त्यांनीच मळला. इतका सुरेख मळला की वाटेत मीच त्यातला चिमूटभर खाऊन पाहिला. वाईट नव्हता.

त्या वर्षांत आमच्याकडे सगळ्यांनाच पैशाची धुंदी चढली होती. समुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या काळ्या रानातल्या कापसाच्या बोंडांना सोन्याचा भाव आला होता. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. मामंजींना खर्चायला नुसतं निमित्त हवं असे. त्यांनी नदीच्या उतारावरची नाव सूर्य मावळेपर्यंत ठरवून टाकली. अख्खी नाव, सुनेच्या एका माशासाठी.

आता ही नाव म्हणजे लोकांची पलीकडे जायची वाट. अचलपूरच्या बाजूनं अमरावतीच्या बाजाराला निघालेल्या कापसाच्या गाड्या पलीकडच्या काठावर येऊन थांबू लागल्या. गाडीवाले शिव्या घालायला लागले. मामंजी अलीकडून हातवारे करून ओरडून सांगत होते की सुनेचे डोहाळे आहेत. ते एकदा कळल्यावर सगळ्यांचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांनी बैल सोडले, भाकरी काढल्या आणि तमाशाला बसल्यासारखे बसले. मग दोन्ही काठांवरून सल्ले यायला लागले. कुणी म्हणे गळ खोल सोडा, कुणी म्हणे सावलीत न्या.

नावेत मी, सासूबाई, टोकाला वासा धरून उभा नावाडी, आणि ओटी भरायला आलेल्या गल्लीतल्या बायका. त्यांनी डोहाळ्याची गाणी सुरू केली. गाणं रंगलं की नाव डोले, नाव डोलली की बायका किंचाळत. नावाड्यानं अदबीनं सांगितलं की मासा गाणं ऐकायला येत नाही. बायका गप्प झाल्या. तेवढ्यात एकीला उचकी लागली आणि सगळी नाव फिदीफिदी हसायला लागली. मी तर इतकी हसले की पोटातलं पोरही लाथा मारायला लागलं. पण ऊन कलायला लागलं, गोळा अर्धा संपला, आणि हसता हसता मला रडू यायला लागलं. सूर्य मावळला की नाव जाणार होती. मला तो मासा हवा होता. काहून ते विचारू नका, पोटुशी बाईला काहून नसतं.

आणि काठी वाकली.

मी ओढायला गेले तर पोट आडवं आलं. नावाड्याला वासा सोडता येईना. माझे हात घसरायला लागले, तसा सासूबाईंनी काठीला हात घातला. घातला आणि तिथंच थबकल्या. गळ्यात माळ ठेवून जीव कसा धरायचा? त्यांनी एका हातानं माळ डोक्यावरून काढली. पण ठेवणार कुठं? खाली सगळा चिखल. जवळची स्वच्छ जागा म्हणजे माझा गळा. माळ त्यात टाकून त्यांनी पदर खोचला आणि आयुष्यभर जातं ओढलेल्या हातांनी असा हिसका दिला की हातभर रोहू थेट ओटीच्या नारळांवर येऊन आपटला. दोन्ही काठांवर एकच आरोळी उठली. बायका एकमेकींवर कोसळल्या.

हसू ओसरलं तेव्हा नावाडी हळूच म्हणाला, "माळ तं सूनबाईच्या गळ्यात हाये."

माळ ज्याच्या गळ्यात त्याला मासा वर्ज्य. एकीनं सुचवलं, काढून टाक. दुसरी म्हणाली, सासूच्या हातानं पडलेली माळ अशी काढत नसतात. मी त्या माशाकडे बघत बसले आणि डोळे भरून आले.

सासूबाई दम खात होत्या. मग म्हणाल्या, "डोहाळे हिले नाई लागले, पोटातल्याले लागले. त्याच्या गळ्यात माळ हाये काय?"

काठावर मासा शिजला. काटे सासूबाईंनीच बोटांनी वेचले आणि एकेक घास मला भरवला. मी माळ घालून पोटभर खाल्लं. मग त्यांनी वाळूनं हात घासले, नदीत बुडी मारली आणि ओलेत्यानंच माझ्यापुढे मान वाकवली. मी माळ परत त्यांच्या गळ्यात घातली.

मुलगा झाला. त्याची लाळ गळायची ती गळायचीच. सासूबाई पदरानं पुसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत की दात येऊन राहिले.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तोवर ती दूरची लढाई संपली होती आणि कापूस मातीमोल झाला होता. शिंगांवरच्या शेंब्या सोनाराकडे परत गेल्या होत्या. नावेचं नाव कोण काढणार? मी काहीच मागितलं नाही. सातव्या महिन्यात एका दुपारी पडवीत आले, तर सासूबाई ज्वारीच्या पिठात गूळ आणि ढेप मळत बसलेल्या. भिंतीला काठी टेकलेली. हात धुऊन त्यांनी गळ्यातली माळ काढली आणि माझ्या मुलाच्या गळ्यात घातली.

"हा आज खात नाई," त्या म्हणाल्या. "तू चाल. काठावरून बी धरता येते."