कंबर छत्तीस

गल्लीतल्या शिंप्याला सगळे भोंगा म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. बायकोला कमी ऐकू यायचं ना, म्हणून लग्नापासून त्याचा आवाज जो चढला तो कधी खाली आलाच नाही. दुकानात हा गिऱ्हाइकाला टेप लावून माप ओरडणार, ती स्टुलावर बसून खडूने कापडावर लिहिणार, आणि कुणाची कंबर किती सुटली ते अख्ख्या गल्लीला कळणार. सून लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस कानात कापूस घालून फिरत होती.

मग बायको गेली. दुकान उघडल्यावर पहिल्याच गिऱ्हाइकाचं माप त्याने सवयीने ओरडून सांगितलं, मागे वळून बघतो तर स्टूल रिकामं. तेव्हापासून जो आवाज बसला तो बसलाच. गिऱ्हाइकाशी कुजबुज, घरी नुसती मान. रडलासुद्धा नाही. मुलगा म्हणायचा, होईल हळूहळू. पण सुनेचा जीव तुटायचा. हा माणूस असाच आतल्या आत विरून जाणार, असं तिला वाटायला लागलं. ज्या आवाजाला ती वैतागायची, त्याच्यावाचून घर आता खायला उठायचं.

एके दिवशी ती सरळ दुकानात गेली, सासूच्या स्टुलावर बसली आणि खडू उचलला. पोस्टमन पँट शिवायला टाकायला आला होता. सासऱ्याने टेप लावली, ओठातल्या ओठात माप पुटपुटलं.

"बाबा, ऐकू नाही आलं."

तो जरा मोठ्याने बोलला. तिने परत नकारार्थी मान हलवली. पोस्टमन मदतीला धावला, अहो वहिनी, छत्तीस म्हणतायत, तर तिने त्याच्याकडे असं काही बघितलं की बिचारा गप्पच.

"बाबा, नाहीच आलं."

"अगं कंबर छत्तीस," भोंगा गरजला, "तूपण बहिरी झालीस का?"

समोरच्या सलूनमधून न्हावी म्हणाला, "मागच्या खेपेला चौतीस होती की रे."

गल्ली हसली. भोंगाही हसायला गेला आणि हसता हसता त्याचा बांधच फुटला. हातातल्या टेपनेच डोळे पुसत तो स्टुलाकडे बघत राहिला.

"तिलाही दोन-दोनदा सांगावं लागायचं," एवढंच म्हणाला.

सुनेच्याही डोळ्यांना धार लागली, पण खडू तिने खाली ठेवला नाही. पोस्टमन आपला हात वर करून तसाच उभा. शेवटी भोंग्याने नाक ओढलं, टेप परत लावली आणि लांबी सांगितली, बऱ्यापैकी मोठ्याने.

सुनेला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"किती?" तिने विचारलं.