म्हशीची घंटी

बडनेऱ्याच्या अलीकडे आमच्या गावात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक संग्रहालय आहे. वस्तू दोनच. महायुद्धात शिकाऊ वैमानिकाच्या हातून निसटलेला सरावाचा, वाळू भरलेला बॉम्ब आणि त्याखाली मेलेल्या म्हशीच्या गळ्यातली घंटी. तिथला शिपाई रोज आधी घंटी पुसतो, मग त्याच फडक्याने बॉम्ब. पाहुण्यांना तो पाढे म्हटल्यासारखं एका चालीत सांगतो, "पोट्टा इमान शिकून राहिला होता. म्हैस चरून राहिली होती. दोघायचंही ध्यान नव्हतं."

हे ऐकून आमच्या समितीला लाज वाटायची. शेजारच्या गावाला किल्ला आणि आम्हाला म्हैस. शेवटी निवृत्त मराठी शिक्षक म्हणून मी भारदस्त पाटी लिहून दिली: 'महायुद्धात या भूमीवर बॉम्ब पडला.' त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

अनावरणाला आमदार आले. पडदा सारून त्यांनी भरल्या गळ्याने वाचलं, "महायुद्धात या भूमीवर चुकून बॉम्ब पडला," आणि ते थांबले. सगळा मांडव हसला. 'भूमीवर'च्या पुढे काकपदाची खूण करून वर कुणीतरी खडूने 'चुकून' लिहिलं होतं. अक्षर ओळखीचं होतं. सातवीत मीच ते गिरवून घेतलं होतं.

"हे काहून केलं?" मी शिपायाला विचारलं.

तो घंटी पुसत होता. म्हणाला, "तुमीच तं शिकवलं होतं, सर. गाळलेला शब्द भरा."