एका रिंगचं भाडं

रोज संध्याकाळी बातम्या संपता संपता नांदेडला आमचा फोन एकदा वाजायचा आणि कट व्हायचा. लातूरहून माझी थोरली बहीण, अक्का, त्या एका रिंगमधून 'जेवले, बरी हाय' एवढं सांगायची. उचलायचा नाही, परत लावायचा नाही. त्या संध्याकाळी फोन वाजला, पडद्यावर अक्काचंच नाव होतं, पण तो कट झाला नाही. वाजतच राहिला... बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. उचलायच्या आधीच आम्हा दोघांना कळलं होतं. पलीकडे अक्काच्या शेजारच्या काझी भाभी होत्या. "भाऊ, निघून या. अक्का गेल्या," एवढंच त्या म्हणाल्या. दुपारी जरा पडते म्हणून आडवी झालेली अक्का उठलीच नव्हती. दिवेलागणीला गच्चीवरचे कपडे तसेच दिसले म्हणून भाभी डोकावल्या, तेव्हा समजलं.

या गोष्टीला आता सव्वा महिना होईल. लोक भेटायला येतात, 'पुण्यवान, कुणाला त्रास न देता गेल्या' म्हणतात, चहा पिऊन जातात. मला रडू येत नाही, राग येतो. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना कसं शांत, गोड लिहावं म्हणतात. अक्का आयुष्यभर गणित शिकवत आली आणि चुकलेलं गणित बघून तिला कधी शांत राहता आलं नाही. मलाही येत नाहीये.

हे रिंगचं प्रकरण सुरू झालं ते भूकंपापासून. त्या पहाटे नांदेडलाही भांडी वाजली, आम्ही पोरांना उचलून अंगणात आलो. उजाडल्यावर रेडिओ 'लातूर, लातूर' सांगू लागला. जगासाठी तो जिल्हा होता, माझ्यासाठी अक्काचं घर होतं. मी रेल्वेच्या ऑफिसात कारकून. साहेबांच्या हातापाया पडून ऑफिसच्या फोनवरून प्रयत्न केला, लाईन नाही. एसटीडी बूथवर ही रांग. शेवटी मिळेल त्या एसटीने लोहा, अहमदपूर करत दुसऱ्या दिवशी पोचलो. घर उभं होतं. अक्का दारासमोर तीन दगडांची चूल मांडून भल्या मोठ्या पातेल्यात पिठलं ढवळत बसली होती. दाजी शाळेतल्या मास्तरांबरोबर पडलेल्या गावांकडे गेले होते आणि ही मागून जाणाऱ्यांची शिदोरी बांधत होती. मला बघून ती उठली नाही. पळी तशीच हातात धरून म्हणाली, "रेडिओला माझं नाव ठावं न्हाई, बाळू. मी हाय का गेले, हे तुला सांगायला एक तार नव्हती."

मग तिने टेलिफोनसाठी अर्ज केला. त्या काळी फोन मिळायला वर्षं लागत, तशी लागली; तोवर आमच्याकडेही फोन आला होता. तिचा फोन आला त्या दिवशी तिने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि लगेच नियम केला. बरं असेल तर एक रिंग. बोलायचं असेल तर दोन. आणि रिंग आलीच नाही तर कुणाला न विचारता निघून यायचं. न उचललेल्या फोनला पैसे पडत नाहीत, हे तिने खात्याच्या माणसाकडून दोनदा खात्री करून घेतलं होतं. जिवंत आहे एवढं सांगायला पैसे पडू नयेत, असं तिचं म्हणणं होतं.

पुढे लातुरात क्लासचं पीक आलं. मराठवाड्यातून पोरं-पोरी डॉक्टर-इंजिनियर व्हायला लोंढ्याने येऊ लागली आणि घराघरातून भाड्याच्या कॉटा टाकल्या गेल्या. दाजी गेल्यावर अक्कानेही वरच्या दोन खोल्या पोरींना दिल्या. तेव्हा बाकीचे घरमालक फोनला लाकडी पेटी करून कुलूप लावायचे आणि मिनिटावर पैसे घ्यायचे. अक्काचा फोन ओसरीत उघडा. रात्रीचं जेवण झालं की पोरी रांगेने यायच्या, आपापल्या गावी एक रिंग द्यायच्या आणि कट करून अभ्यासाला जायच्या. अर्धापूरची एक मुलगी होती, केळीवाल्या घरची. तिचे वडील त्या वेळी मुद्दाम अडतीवर फोनशेजारी बसून राहायचे, आणि रिंग कट झाली की उठून घरी जेवायला जायचे. त्यांनी कधी एक पैशाचा फोन केला नाही, पण हंगामात एसटीच्या टपावरून केळीचे घड यायचे. पोरी शिकून निघाल्या तेव्हा अक्का प्रत्येकीला बजावायची, कुठंही पोचलीस की मला एक रिंग. त्या देतही राहिल्या, कुणी पुण्यातून, कुणी हैदराबादेतून. अक्काने जुना फोन काढून मोबाईल घेतल्यावर त्यांची नावं गावाने भरली: देगलूर, निलंगा, अर्धापूर. नावं लग्नात बदलतात, गाव बदलत नाही, असा तिचा हिशोब.

मोबाईल घेतला तो कंपनीने 'लाइफटाइम' म्हणून विकला म्हणून. एकदा पैसे भरा, आयुष्यभर इनकमिंग चालू. अक्काने भरले. आणि काही वर्षांनी एक दिवस मेसेज आला की यापुढे दर अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज मारला नाही तर येणारा फोनही बंद. मी तर सरळ म्हणतो, ही लूट आहे. विहीर खोदून दिली म्हणून पैसे घ्यायचे आणि मग तहान लागल्याचेही घ्यायचे. आपण सगळ्यांनी निमूट भरले, मीसुद्धा. अक्का मात्र पिशवीत जुनी पावती घालून कंपनीच्या दुकानात गेली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या मॅनेजरने सांगितलं, मॅडम, ती स्कीम संपली. अक्काने विचारलं, "आयुष्यभर म्हणून लिहिलंय. मी तर अजून हाय. मग संपलं कुणाचं?" तो म्हणाला, पॉलिसी वरून येते. वर म्हणजे कुठं विचारलं, तर त्याने छताकडे बोट केलं. महिना अठ्ठावीस दिवसांचा कुठल्या पंचांगात असतो, हेही तिने विचारून घेतलं. वर्षाला बारा महिने आणि भाडं तेरा वेळा, हे गणित तिने शाळेतल्या पोराला शून्य मार्क देऊन परत केलं असतं. तक्रारीच्या नंबरवर लावलं की आधी गाणं, मग 'मराठीसाठी तीन दाबा', मग पुन्हा गाणं. ग्राहक मंचाच्या कार्यालयात गेली तर तिथे तक्रार 'ऑनलाइन' करा म्हणाले. म्हणजे बंद फोनची तक्रार करायला चालू फोन हवा.

तिने भरलं नाही. फोन बंद पडला. आणि एका संध्याकाळी रिंग आली नाही.

नियम तिचाच होता. मी कुणाला न विचारता निघालो. त्या प्रवासात काय काय मनात आलं ते लिहीत नाही... लातूरला पोचलो तर अक्का ओसरीत मेथी निवडत बसलेली. मी चपलांसकट ओसरीत शिरलो आणि ती विचारते, चहा घेणार का? काझी भाभी दारातून म्हणाल्या, "भाऊ, मी म्हटलं त्यांना, माझ्या फोनवरून लावा. ऐकतच न्हाईत." अक्काचं उत्तर तयार होतं. दुसऱ्याच्या फोनवरून स्वतः जिवंत असल्याचं सांगायला ती काही पोलीस ठाण्यात बसली नव्हती. त्या दिवशी आम्ही कडकडून भांडलो. सत्तरी गाठलेली बाई, एकटी, शुगरची गोळी चालू, आणि तत्त्वासाठी फोन बंद ठेवते. मी बोलू नये ते बोललो, तीही बोलली, आणि मग आम्ही मेथीची भाजी-भाकरी जेवलो.

परतताना स्टँडजवळच्या दुकानात मी तिच्या नंबरवर गुपचूप रिचार्ज मारला. नांदेडला पोचतो न पोचतो तोच दोन रिंग आल्या. मी लावला. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "त्यांनी माझ्या फोनला भाडं लावलं न्हाई, बाळू. तुझ्या काळजीला लावलं हाय. आन् तू ते भरलंस."

त्यानंतर ती स्वतः भरत गेली. दर खेपेला दुकानात जायची, तोच प्रश्न विचारायची, आणि नोटा काउंटरवर ठेवून यायची. ती हरली असं मी म्हणणार नाही. तिला माझ्यासाठी वाकावं लागलं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. कंपन्यांना नेमकं ठाऊक असतं की म्हातारी स्वतःसाठी भरणार नाही, पण लांबच्या माणसाचा घोर चुकवायला भरेल. वर बसलेल्या कुणीतरी हुशार पोराने, कदाचित आमच्याच लातुरात क्लास लावून शिकलेल्या, हे बसून काढलेलं गणित आहे. शाबास.

दहावा झाल्यावर मी नंबर बंद करायला त्याच दुकानात गेलो. मॅनेजर म्हणाला, ग्राहकाने स्वतः यावं लागेल, अंगठा लागतो. मी म्हटलं, ग्राहकाला दहा-बारा दिवसांपूर्वी जाळून आलो. त्याने जरासुद्धा न चपापता मृत्यूचा दाखला, वारसाचं पत्र, दोघांचे आधार असं सगळं सांगितलं, आणि म्हणाला, नाहीतर राहू द्या काका, रिचार्ज नाही केला की आपोआप बंद होतो. अक्का असती तर त्याचं काय झालं असतं कुणास ठाऊक. मी फोन खिशात घालून नांदेडला आलो. आपोआप बंद होऊ दे, असं ठरवलं. आता यांना एक पैसा द्यायचा नाही, निदान ह्या वेळी तिच्या बाजूने उभं राहायचं.

फोन देवघराच्या फळीवर ठेवला होता. दोन-तीन दिवसांनी, बातम्या संपता संपता, तो एकदा वाजला आणि कट झाला. बायकोच्या हातातली वाटी पडली. पडद्यावर 'अर्धापूर'. म्हटलं, पोरीच्या बोटाला सवय, चुकून लागला असेल. दुसऱ्या दिवशी 'देगलूर', आणि एक दिवस आड करून पुन्हा 'अर्धापूर'. अर्धापूरची आता स्वतःचा दवाखाना चालवते. दहाव्याला ती आली होती. अक्काच्या ओसरीत फोन असायचा त्या कोनाड्याला टेकून बसली होती. अक्का गेल्याचं तिला माहीत आहे.

मग मेसेज यायला लागले. प्रिय ग्राहक, आपली इनकमिंग सेवा बंद होणार आहे. प्रिय ग्राहक, आज शेवटचा दिवस. मी सकाळभर चरफडत घरात फिरलो, बायकोवर खेकसलो, आणि दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन अक्काच्या नंबरवर अठ्ठावीस दिवसांचे पैसे भरले. तिने मला काय सुनावलं असतं ते शब्दन् शब्द ठाऊक होतं. ऐकत ऐकतच घरी आलो.

त्या संध्याकाळी मी टीव्ही लावला नाही, देवघरासमोर पाट घेऊन बसलो. फळीवर उजेड झाला, फोन एकदा वाजला. 'अर्धापूर'. माझा हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला. एका रिंगला फोन उचलायचा नसतो.