किकरच्या आईची चौकशी

एका व्यावसायिक फुटबॉल संघाने माझ्या मुलाला फसवलं. खेळाची मुलाखत म्हणून बोलावलं आणि त्याच्या आईची चौकशी केली. संघाचं नाव इथे लिहीत नाही. वकिलाने मना केलंय, आणि ते ऐकताना मला वकिलाचाही राग आला होता.

ज्यांना इथलं, अमेरिकेतलं फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा पायाने खेळायचा खेळ नाही, लंबगोल चेंडू कवटाळून एकमेकांच्या अंगावर धावायचा आहे. पायाचं काम फक्त एका माणसाला, किकरला. माझा मुलगा किकर. इथेच, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात जन्मला, लहानपणी सॉकर खेळला, हायस्कूलच्या कोचने पाय बघितला आणि ओढून नेला. कॉलेजमध्ये चार वर्षं त्याने किक मारल्या. दरवर्षी एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ कॉलेजच्या खेळाडूंमधून आळीपाळीने माणसं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी संघ मुलाखती घेतात. किकरला कोणी सहसा बोलावत नाही. माझ्या मुलाला एका संघाने बोलावलं. एकाच.

त्यामुळे घरात दोन आठवडे दुसरा विषय नव्हता.

मी धंदा करतो. मिशिगनमध्ये छोटे कारखाने बंद पडत असतात. त्यांची जुनी लेथ, मिलिंग मशीनं मी घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. आलो तेव्हा नोकरीत होतो, नोकरी गेली तेव्हा गॅरेजमध्ये एका लेथवर सुरुवात केली. घासाघीस हे माझं रोजचं काम आहे. मालात खोट काढायची, मान हलवायची, दाराकडे दोन पावलं टाकायची, हे सगळं मला येतं. म्हणून मुलाला मीच तयार केलं.

“ते तुझ्यात खोट काढतील,” मी म्हणालो. “उंची कमी म्हणतील, वाऱ्यात किक वळते म्हणतील. चिडायचं नाही.”

“बाबा, चिडतं कोण आपल्या घरात?” तो म्हणाला. त्याची आई ओट्यापाशी हसली.

त्याच्या एजंटने त्याला वेगळंच सांगितलं होतं. काही संघ नको ते विचारतात, लीगने, म्हणजे सगळ्या संघांच्या वरच्या संघटनेने, त्याला बंदी केलीय, तरी विचारतात. तसं झालं तर ‘याचा खेळाशी काय संबंध’ एवढंच म्हण आणि मला कळव. मी एजंटचं म्हणणं मोडीत काढलं. मी मुलाला सांगितलं, जे विचारतील त्याचं सरळ उत्तर द्यायचं. माहीत असेल तर सांगायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. उत्तर टाळणारा माणूस चोर दिसतो.

हे मी उगाच म्हणत नव्हतो. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा खोलीसाठी हिंडलो होतो. प्रत्येक दारात आधी नाव, मग आडनाव, मग गाव, आणि गावात घर कोणत्या बाजूला. माझ्यासोबतचा मित्र आडनाव बदलून सांगायचा. मी पूर्ण नाव सांगायचो, ठणठणीत आवाजात, आणि वर ‘जय भीम’ म्हणायचो. खोली मिळायची नाही, पण समोरचा नजर खाली घालायचा. त्या वयात मला तो माझा विजय वाटायचा. तोच नियम मी घरात लावला. आमच्या घरात प्रश्नाला उत्तर मिळतंच. समोरच्याची नजर खाली जाते, हे मी धरूनच चाललो होतो.

मुलाखतीहून तो परत आला त्या दुपारी मी त्याला घ्यायला विमानतळावर गेलो. गाडीत बसला, बॅग मांडीवर घेतली.

“कशी झाली?”

“ओके.”

“किक बघितल्या?”

“नो. फक्त बोलले. पाच जण होते. इट वॉज पर्सनल, बाबा. व्हेरी पर्सनल.”

मी हसलो. हे मला कबूल करायलाच हवं. म्हणालो, “पर्सनल म्हणजे काय रे? आपले काका लोक पहिल्या भेटीत पगार विचारतात, घराचा हप्ता विचारतात, मूल का नाही विचारतात. त्यांनी काय विचारलं, गर्लफ्रेंड आहे का?”

“तेपण. शेवटची कधी होती, तिच्याबरोबर काय काय केलं. की मला मुलगे आवडतात.”

हायवेवर होतो. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. “आणि?”

“मी सगळ्याचं उत्तर दिलं. तुम्ही सांगितलं होतं.”

मग तो खिडकीबाहेर बघत बोलायला लागला. एका माणसाने त्याची फाईल उघडून विचारलं, तुझ्या आईबापाचं लग्न ठरवून झालेलं का? हो, सर. मग बापाने आईला कितीला घेतलं? सगळे हसले. तोही हसला, कारण जोक असेल असं त्याला वाटलं. म्हणाला, कोणी विकत घेतलं नाही, सर, तिने स्वतः पसंत केलं. मग त्या माणसाने विचारलं, आई तुझ्या बापाला सोडून कधी गेली होती का?

आता माझ्या वाचकाला सांगावं लागेल. गेली होती. मुलगा अकरा वर्षांचा असताना ती चँडलरला, ॲरिझोनात, तिच्या बहिणीकडे आठ महिने राहिली. कारण मी. धंद्याचं पहिलं मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं त्या संध्याकाळी मी जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं, आणि ते पहिलं ताट नव्हतं. ती परत आली, मी बदललो, काही प्रमाणात बदललो. त्या आठ महिन्यांबद्दल आम्ही घरात कधीच बोललो नाही. कोणाला सांगितलंही नाही. नातेवाइकांना सांगितलं, बहीण आजारी आहे.

मुलाने त्या खोलीत सांगितलं, हो, सर, आठ महिने.

“मग?” मी विचारलं.

“मग दॅट गाय आस्क्ड, तिकडे तिचा दुसरा कोणी माणूस होता का.”

“आणि तू काय म्हणालास?”

त्याने बॅगेची चेन उघडली, परत लावली.

“काय म्हणालास?”

“आय डोंट नो, सर. असं म्हणालो.”

मी पुढच्या एक्झिटला बाहेर पडलो, पेट्रोल पंपावर गाडी घातली आणि ओरडलो. सख्ख्या आईबद्दल ‘माहीत नाही’ म्हणालास? नाही म्हणता येत नव्हतं? उठून यायचं होतं! खुर्ची फेकायची होती!

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. “मी अकरा वर्षांचा होतो, बाबा. मला खरंच माहीत नव्हतं. कोणी सांगितलंच नाही. आणि तुम्ही म्हणाला होता, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं.”

पंपावरचा एक म्हातारा गोरा माणूस आमच्याकडे बघत होता. मी गाडी सुरू केली आणि परत हायवेवर घेतली.

त्याच्या आईला काही सांगायचं नाही, असं आमचं गाडीत ठरलं. पण घरी पोचल्या पोचल्या मी एजंटला फोन लावला आणि स्वयंपाकघरात उभा राहून त्याच्यावर असा बरसलो की गाडीत ठरवलेलं सगळं वाहून गेलं. तिने गॅस बंद केला. “अहो, फोन ठेवा,” म्हणाली. मी ठेवला. मग मुलाकडे वळून तिने एवढंच विचारलं, “तू माहीत नाही म्हणालास?”

“सॉरी, आई.”

“तुझी चूक नाही. बस.”

आणि तिने त्याला सांगितलं. बावन्न वर्षांच्या बाईने ओट्याला टेकून आपल्या बावीस वर्षांच्या मुलाला सांगितलं की ती कोणासाठी गेली नव्हती, घरातल्या आवाजापासून गेली होती. मावशीच्या घरी हॉलमध्ये झोपायची. सकाळी एका डे-केअरमध्ये दुसऱ्यांची मुलं सांभाळायची आणि दुपारी त्याला फोन करायची. “तू फोनवर यायचा नाहीस,” ती म्हणाली. “गेम खेळत असायचास.”

“आय नो,” तो म्हणाला. मग रडला.

मी तिथेच उभा होतो. मला कोणी बाहेर जा म्हटलं नाही, आत ये म्हटलं नाही.

माझी तक्रार हीच आहे. एका अनोळखी माणसाने गंमत म्हणून विचारलं, आणि माझ्या बायकोला पोटच्या पोरासमोर आपल्या चारित्र्याचा खुलासा करावा लागला. मी रोज खोट काढणारा माणूस आहे. मशीन उघडून बघतो, गंज बघतो, दात मोजतो. मालकाच्या बायकोबद्दल मी कधी विचारलं नाही. माझ्या धंद्यातला सगळ्यात हलका दलालही विचारणार नाही.

लगेच तक्रार करायची माझी इच्छा होती. एजंट म्हणाला, आत्ता केली तर सगळ्या संघांच्या लेखी पोरगा कटकटीचा ठरेल, ड्राफ्ट होऊ द्या. बायको म्हणाली, “आधी त्याचं होऊ द्या, मग बघू.” मी दात आवळून बसलो. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला शाळेच्या हॉलमध्ये एका काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “काय मग, किती कोटी? आणि लग्नाचं काय?” नेहमीचंच. माझा मुलगा अंग चोरून बाजूला झाला. काका माझ्याकडे बघून म्हणाले, “अमेरिकन झाला तुमचा.” मी काकांना काही बोललो नाही. तेच प्रश्न मीही दुसऱ्यांच्या पोरांना विचारले आहेत.

ड्राफ्ट तीन दिवस चालला. तिन्ही दिवस आम्ही टीव्हीसमोर होतो. त्या संघाने किकर घेतला, दुसराच. माझ्या मुलाचं नाव कोणीच पुकारलं नाही. त्यावर मी भांडणार नाही. माल पसंत नाही पडत कधी कधी. पण आठवड्याने एजंटने सांगितलं की त्या संघातल्या त्याच्या ओळखीच्या माणसाने मुलाच्या नावापुढची नोंद वाचून दाखवली. पाय उत्तम. डोकं शांत. घर स्थिर नाही.

घर स्थिर नाही! आम्ही ट्रॉयच्या त्याच घरात एकोणीस वर्षं आहोत.

तक्रार तिनेच लिहायला घेतली. मी टाइप करत होतो, ती सांगत होती. मी ‘नालायक’ लिहिलं, तिने काढायला लावलं. काय विचारलं, कोणत्या क्रमाने विचारलं, कोण हसलं, सगळं मुलाने आठवून सांगितलं. आता त्याला बोलायला जड जात नव्हतं. लीगकडून उत्तर आलं, एकच परिच्छेद. आम्ही अशा बाबी गांभीर्याने घेतो, संबंधित संघाशी बोलणं झालं आहे, अधिक तपशील देता येणार नाही. कोणाशी बोलणं झालं, तो काय म्हणाला, नोंद खोडली का, काही नाही.

मुलगा आता एका मोटार कंपनीत इंजिनीअर आहे. सकाळी कामावर जाण्याआधी शाळेच्या मैदानावर किक मारतो. पुढच्या वर्षी कोणी ट्रायल दिली तर जाईल म्हणतो. माझ्या भागाचं उत्तर मी दिलंय, घरात, दोघांनाही. जेवढं देता आलं तेवढं.

आता संघवाल्यांनो, लीगवाल्यांनो, तुमची पाळी. त्या खोलीत पाच जण होते. ज्याने विचारलं त्याचं नाव लीगला माहीत आहे, संघाला माहीत आहे. त्याने माझ्या बायकोसमोर येऊन बसावं आणि तो प्रश्न तिला विचारावा, तिच्या तोंडावर, हसत विचारता येत असेल तर हसत. जे चौघे हसले त्यांनीही यावं. आणि कशासाठी विचारलं ते सांगावं. परिच्छेद नको. माणूस पाठवा.